जुन्या ओम्नीचा सायलेन्सर: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

२०१७ च्या गणपतीत आम्ही ठाण्याहून रत्नागिरीकडे निघालो होतो. गाडी २००६ ची मारुती ओम्नी, पाच सीटर. मागे पुतण्याची सायकल घातली होती. ती पुरती मावेना, म्हणून मागचा दरवाजा अर्धवट उघडा ठेवून सुतळीने बांधला. महाड मागे पडलं तशी मागच्या सीटवरची दोन्ही मुलं गप्प झाली. पोलादपूरला धाकट्याला उलटी झाली, मोठ्याचं डोकं दुखायला लागलं. मुलांना गाडी लागली असणार, म्हणून वहिनीने आलेपाक दिला. पण कशेडी घाट तर अजून पुढेच होता, रस्ता बराचसा सरळ होता. चहाला थांबलो, अर्ध्या तासात मुलं बाहेर धावायला लागली. परत गाडीत बसवली आणि वीस मिनिटांत दोघांचेही डोळे मिटायला लागले. तेव्हा माझ्या भावाचं लक्ष त्या बांधलेल्या दरवाजाकडे गेलं. सायकल टपावर चढवली, दरवाजा घट्ट लावला, सगळ्या काचा उघड्या ठेवल्या आणि तसेच घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली गेलो. पुढच्या बेंड पाइपचं पॅकिंग उडालं होतं आणि सायलेन्सरची मागची शिवण बोटभर उसवली होती. महिनाभर गाडीचा आवाज वाढलेला होता आणि आम्ही तो फक्त आवाज समजत होतो.

हे आधी सांगितलं, कारण या कामाला नवा माणूस हात घालतो तो बहुधा आवाजाला कंटाळून. आवाज बंद झाला की काम झालं असं त्याला वाटतं. व्हॅनमध्ये ते तसं नाही.

व्हॅनचं वेगळेपण

पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. फुटक्या सायलेन्सरचा जो वास येतो तो धुरातल्या इतर घटकांचा, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असा हिशेब करू नका. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त जोराने धरून ठेवतं. थोडा थोडा वायू आत येत राहिला तरी तो साठत जातो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि गाडी लागल्याचीही हीच. म्हणून ती ओळखू येत नाहीत. एक खूण लक्षात ठेवा: गाडीतल्या सगळ्यांनाच एकदम त्रास होत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर तो कमी होत असेल, तर आधी सायलेन्सरवर संशय घ्या.

साध्या कारमध्ये इंजिन बॉनेटखाली असतं आणि माणसं त्याच्या मागे बसतात. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलली की खाली इंजिन. म्हणजे मॅनिफोल्डचं, धूर इंजिनातून आधी ज्या भागात येतो त्याचं, पॅकिंग गेलं तर धूर निघतो तो थेट बसलेल्या माणसाच्या खाली. तिथून पाइप पायाखालच्या पत्र्याखालून मागे जातो. गाडीचा मागचा भाग भिंतीसारखा सपाट आहे, त्यामुळे गाडी धावताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. तिथे भोवरा तयार होतो आणि टेलपाइपमधून निघालेला धूर त्यात घुटमळतो. मागचा दरवाजा उघडा असेल किंवा त्याचं रबर गेलं असेल, तर तोच धूर आत ओढला जातो. आमच्या मुलांना झालं ते हेच.

मी ओम्नीबद्दल लिहितो आहे, कारण मला तीच गाडी ठाऊक आहे. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली, पुढे ओम्नी झाली, २०१९ मध्ये बंद झाली. आजही भाजी, दूध, शाळेची मुलं, लग्नाचं सामान यासाठी ती गावोगाव धावते आहे. इतर जुन्या व्हॅनना यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी ओळख

इंजिनपासून मागे जात नावं अशी. इंजिनाला चिकटलेला बिडाचा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. त्याला जोडलेला पुढचा वाकडा पाइप म्हणजे बेंड पाइप. मग धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं ‘कॅट’ म्हणतात. मग सायलेन्सरचा डबा, आणि शेवटी टेलपाइप. जोडांमध्ये पॅकिंग असतं आणि सगळा पाइप रबरच्या कड्यांवर टांगलेला असतो.

तुमच्या गाडीला कॅट आहे का, ते साल बघून अंदाजाने कळतं. नव्या पेट्रोल कारला कॅट बंधनकारक झालं ते १ एप्रिल १९९५ पासून, तेही आधी चार महानगरांत. शिसंविरहित पेट्रोल देशभर सगळीकडे मिळायला २००० साल उजाडलं. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या कार्ब्युरेटरवाल्या व्हॅनमध्ये कॅट असेलही, नसेलही. पुढच्या एमपीएफआय गाड्यांत, म्हणजे जिथे कॉम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतो, ते असतं, आणि पाइपात ऑक्सिजन सेन्सरही असतो. सेन्सरची वायर कुठून जाते ते काम सुरू करायच्या आधी बघून ठेवा. पाइप खाली ओढताना सगळ्यात आधी तुटते ती हीच वायर.

कुठे फुटलंय ते शोधणं

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. गाडी मोकळ्या जागेत घ्या, बंद शेडमध्ये नको. इंजिन चालू करून आधी नुसतं ऐका. पुढच्या सीटखालून बारीक ‘टिक टिक’ येत असेल, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढत असेल आणि इंजिन गरम होईल तशी कमी होत असेल, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं आहे. धातू तापून फुगतो आणि फट मिटते, म्हणून आवाज कमी होतो. बरेच जण याला टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हचा, आवाज समजून टॅपेट सेट करून घेतात आणि पैसे वाया जातात. मागून ‘फट फट’ येत असेल तर डबा किंवा मागचा पाइप. दगडी रस्त्यावरच खडखडाट होत असेल तर तुटलेलं रबर, किंवा डब्याच्या आतली पट्टी सुटलेली.

मग एका माणसाला हातमोजे घालून टेलपाइपच्या तोंडावर ओल्या फडक्याची घडी काही सेकंद दाबून धरायला सांगा. आत दाब वाढतो आणि जिथे फट असेल तिथे ‘फुस्स’ असा स्पष्ट आवाज येतो. जास्त वेळ धरू नका, इंजिन बंद पडेल. धरणाऱ्याने तोंड बाजूला ठेवावं. पाइप अजून थंड आहे तोवर जोडांवर साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे येतात. काही जण अगरबत्तीचा धूर धरून बघतात. पेट्रोल किंवा गॅसच्या गाडीखाली विस्तव नेऊ नका, साबणाचं पाणी पुरेसं आहे.

इंजिन बंद करून बॅटरीने खालून बघा. फट असते तिथे काजळीचा काळा पट्टा पडलेला असतो. मग पान्याच्या दांड्याने डबा आणि पाइप हळूहळू वाजवत जा. बाजारात मडकं घेताना वाजवून घेतात तसंच. चांगला पत्रा खणकन वाजतो, सडलेला ‘थप’ असा बसका आवाज देतो. जिथे ‘थप’ येईल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक अंगठ्याच्या जोराने दाबा. आत गेलं तर तो पत्रा संपला.

दोन गोष्टी नव्या माणसाला फसवतात. एक, सकाळी टेलपाइपमधून पाणी ठिबकतं. हा बिघाड नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, आणि थंड पाइपात त्याचे थेंब होतात. दुसरी, डब्याच्या खालच्या बाजूला काडीएवढं एक भोक दिसेल. पुष्कळ डब्यांना ते कारखान्यातूनच असतं, पाणी निघून जावं म्हणून. भोक गोल आणि नीट कडांचं असेल तर ते तसंच ठेवा. वेल्डरकडे गाडी दिली की तो आधी तेच बुजवतो, मग पाणी आत साठतं आणि डबा आतून सडतो.

यावरून एक गोष्ट कळते. जी गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच जाते, तिचा सायलेन्सर लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा लवकर जातो. पाणी उडून जाण्याइतका तो तापतच नाही. त्यात किनाऱ्यावरची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असेल तर बाहेरून वेगळा गंज. कोकणातल्या गाडीचा डबा देशावरच्या गाडीएवढा टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

ठिगळ, वेल्डिंग की नवा भाग

माझा नियम साधा आहे. चांगल्या पत्र्यावर एखादीच चीर असेल, बहुतेक शिवणीजवळ किंवा कंसाजवळ, तर वेल्डिंग. आजूबाजूचा पत्रा ‘थप’ वाजत असेल तर नवा डबा. सडलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. एक भोक बुजवताना शेजारी दोन पडतात आणि महिन्याभरात तुम्ही परत गाडीखाली असता.

ठिगळ फक्त घरी पोहोचण्यापुरतं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाइपाभोवती गुंडाळायचा, खाली उष्णता सोसणारी सायलेन्सर पेस्ट लावायची आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळायचे. एम-सील इथे लावू नका, ते या उष्णतेत जळून सुटतं. मॅनिफोल्ड किंवा बेंड पाइपला, म्हणजे पुढच्या सीटखालच्या भागाला, ठिगळ लावून माणसं बसवू नका. तिथे गाडी टोइंग करून नेली तरी चालेल.

नवा डबा घ्यायला जाताना जुना सोबत न्या. कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय मॉडेलचे भाग एकसारखे धरून चालू नका, फ्लँजची, म्हणजे पाइपाच्या टोकाला बोल्ट लावायच्या चपट्या भागाची, भोकं आणि कड्यांची जागा दुकानातच ताडून बघा. लोकल आणि कंपनीचा डबा दोन्ही हातात धरून वजन बघा. हलका डबा म्हणजे पातळ पत्रा आणि आतल्या पट्ट्या कमी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले भाग मिळतात. बिडाचा मॅनिफोल्ड तिथून घ्यायला हरकत नाही, भेग नाही एवढं बघा. वापरलेला डबा मात्र घेऊ नये. त्याचा गंज आत असतो, तो दिसत नाही.

कॅटबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. ते चोंदलं की गाडी ओढत नाही, आणि कुणीतरी सुचवतं की आतली जाळी फोडून रिकामं करू. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे महाग धातू असतात. फोडून काढलेल्या जाळीला भंगारात किंमत मिळते, तुम्हाला मिळतो पोकळ डबा. विषारी वायूचं प्रमाण कमी करणारा तोच एक भाग गाडीत आहे. शिवाय कॅट चोंदतं ते बहुधा दुसऱ्या कशामुळे तरी. एखादा प्लग मिस करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. आधी प्लग, वायर आणि कॉइल बघा, मग कॅट बदला. नाहीतर नवंही तसंच जाईल.

जमवाजमव

१२ आणि १४ नंबरचे रिंग पाने आणि बॉक्स पाने, लांब दांडा, तारेचा ब्रश, हातोडी, डोळ्यांना चष्मा, जाड हातमोजे, गंज सोडवणारं तेल, कॉपर ग्रीस, नवी पॅकिंग, नवे नट-बोल्ट, नवी रबरं. शेवटच्या तीन गोष्टी जुन्याच वापरायचा मोह होईल. पॅकिंग एकदा दाबलं गेलं की पुन्हा तसं बसत नाही, आणि जुनं रबर तर काढतानाच चिरतं. चष्मा विसरू नका. खाली झोपून वर बघत असताना गंजाचा कपटा थेट डोळ्यात पडतो.

आदल्या रात्री प्रत्येक नटवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. हे एवढं केलं तर निम्मं काम झालं.

गाडी उचलणं

इथे घाई करायची नाही. जमीन कडक आणि सपाट हवी. अंगणातल्या मातीत जॅक रुततो, फरशीवर घसरतो, खाली जाड फळी घाला. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. जॅकने उचला आणि चॅसीच्या भक्कम जागेखाली जॅक स्टँड द्या. मग गाडीला हाताने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

नुसत्या जॅकवर कधीच खाली जाऊ नका. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉकही नकोत, ते न सांगता फुटतात. गॅरेजचा पिट मिळाला तर उत्तमच. पाइप किमान दोन तास थंड होऊ द्या. घरात कुणाला तरी सांगून ठेवा की तुम्ही गाडीखाली आहात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गॅसची गाडी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा.

जुनं काढणं

मागून पुढे या. आधी टेलपाइप आणि डबा, मग बेंड पाइप. रबरं काढायच्या आधी पाइप तारेने बांधून ठेवा, नाहीतर तो एकदम खाली येतो आणि सेन्सरची वायर तोडतो.

गंजलेला नट सोडवताना आधी तो किंचित आवळायचा प्रयत्न करा. गंजाची पकड तिथे मोडते, मग उलट फिरवा. पाव आटा सोडा, परत थोडा आवळा, तेल मारा, परत सोडा. सरळ जोर लावला तर मॅनिफोल्डचा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्याचा दांडा, तुटतो, आणि तो इंजिनाच्या हेडमध्ये तुटला तर घरचं काम तिथेच संपलं. नट अजिबात ऐकत नसेल तर गरम करावा लागतो, पण ज्योतीजवळ पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा पाइप आणि तुम्ही नुकतंच मारलेलं तेल असतं. पहिल्यांदा काम करणाऱ्याने ते मेकॅनिककडून करून घ्यावं. मागच्या क्लॅम्पचे नट-बोल्ट मात्र सोडवत बसू नका. ते नवेच घालायचे आहेत, ग्राइंडरने किंवा करवतीने कापून टाका. ठिणग्या टाकीच्या दिशेने उडणार नाहीत अशा बाजूने कापा.

जुनी पॅकिंग निघाली की दोन्ही फ्लँज तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. वर पोलादी पट्टी आडवी धरून बॅटरी मारा. पट्टीखालून उजेड दिसला तर फ्लँज वाकली आहे. तिच्यावर कितीही चांगलं पॅकिंग बसवलं तरी ते उडणार. शहरात लेथवाल्याकडे किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ती सरळ करून मिळते.

वेल्डिंग करायचं असेल तर

पाइप गाडीतून काढून वेल्डरकडे न्या. गाडीला लागलेला असताना वेल्डिंग करू देऊ नका. वरच्या पत्र्याच्या आत मॅट, फोम आणि वायरी असतात. खाली वेल्डिंग चालू असताना वर मॅट धुमसायला लागतं आणि ते कुणाला दिसत नाही. नाइलाजाने जागेवरच करावं लागलं तर मॅट आणि सीट बाहेर, बॅटरी सुटी, आत एक माणूस पाण्याची बादली घेऊन.

पाइपाचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास. जाड रॉडने त्याला भोकं पडतात. सीओटू वेल्डिंग किंवा गॅस उत्तम, आर्कच असेल तर १२ गेजचा बारीक रॉड मागा. पाइपाचा तुकडा बदलायचा असेल तर नळाचा जस्ताचा, म्हणजे जीआय पाइप लावू देऊ नका. तो हाताशी असतो म्हणून हे सर्रास होतं. वेल्डिंगच्या उष्णतेत जस्ताची वाफ होते, ती श्वासात गेली की वेल्डरला त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्ड झाल्यावर पाइपाचं एक तोंड बंद करून साबणाचं पाणी लावा आणि दुसरीकडून हवा मारा. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसं. गाडीला चढवल्यावर गळती सापडण्यापेक्षा हे बरं.

बसवणं

आता पुढून मागे जायचं. पॅकिंग ठेवा, स्टडवर कॉपर ग्रीस लावा, नट हाताने बसतील तेवढेच बसवा. अशा रीतीने टेलपाइपपर्यंत सगळं सैल लावून घ्या, रबरं चढवा, आणि पाइप त्याच्या मनाने लटकू द्या. नव्या माणसाची मोठी चूक इथे होते. तो पुढचा जोड आधी पक्का आवळतो, मग मागचा डबा कड्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ताणून बसवतो. तो ताण रोज पुढच्या पॅकिंगवर येतो आणि दोन महिन्यांत ते उडतं.

सगळं सैल असतानाच पाइपाभोवती हात फिरवा. कुठेही पत्रा, हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाइप टेकायला नको, चहूबाजूंनी बोटभर तरी जागा हवी. पेट्रोलच्या पाइपाबाबत तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतच अंतर दिलं आहे: नियम ११३ प्रमाणे ३५ मिलिमीटरच्या आत एक्झॉस्ट पाइप नको. नियम ११२ टेलपाइपच्या तोंडाबद्दल आहे. धूर खाली जमिनीकडे किंवा गाडीच्या डाव्या बाजूला सोडायचा नाही. डावीकडे फूटपाथ असतो, चालणारी माणसं असतात. टेलपाइप गाडीच्या मागच्या कडेच्या बाहेर निघालेला हवा. लोकल पाइप तोकडा असतो आणि बंपरच्या आतच संपतो. तसा घेऊ नका, आला असेल तर जोड घालून लांब करून घ्या.

मग पुढून मागे एकेक जोड आवळा. दोन नट असतील तर आलटून पालटून, थोडा थोडा. १२ नंबरच्या नटला मनगटाचा जोर पुरे, दांडा लावून अंगाचा भार देऊ नका. शेवटी सेन्सरची वायर पाइपापासून लांब बांधा.

सायलेन्सर नसलेलं, पण सायलेन्सरचंच काम

हा भाग गॅरेजमध्ये कुणी करत नाही, म्हणून तुम्हीच करा. मागच्या दरवाजाच्या रबरात वर्तमानपत्राची पट्टी धरून दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दबत नाही. सगळ्या कडेने हे करत जा. रात्री गाडीत बसून बाहेरून कुणाला तरी बॅटरी फिरवायला सांगितलं तर फटी लगेच दिसतात. रबर मीटरवर मिळतं, बदलायला तासभर पुरतो.

पुढच्या सीटखालच्या झाकणाचं पॅकिंगही बघा. तेच धूर आणि माणूस यांच्यामधलं शेवटचं दार आहे. फोम चुरा झाला असेल तर नवा चिकटवा आणि झाकणाची खिट्टी घट्ट बसते का ते तपासा. मग मॅट उचलून तळाचा पत्रा बघा. केबल आणि वायरी जातात तिथली रबरी बुचं पडलेली असतात, कोपऱ्यात गंजाची भोकं असतात. मुलांची ने-आण करणारी गाडी असेल तर एवढं केल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नका.

चालू करून बघणं

इंजिन चालू करा, मोकळ्या जागेत. पहिली पंधरा-वीस मिनिटं नव्या डब्यावरचा रंग आणि तेल जळून धूर येईल. त्यानंतरही येत असेल तर कुठेतरी काहीतरी टेकलं आहे. ओल्या फडक्याची परीक्षा पुन्हा करा. मग इंजिन बंद करा, पाइप थंड झाला की सगळे नट एकदा तपासा.

एमपीएफआय गाडीत एक गोष्ट आपोआप सुधारते ती ॲव्हरेज. सेन्सरच्या पुढे, इंजिनाकडच्या बाजूला फट असेल तर दाबाच्या प्रत्येक ठोक्यामागे बाहेरची हवा थोडी आत खेचली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय असं कॉम्प्युटर समजतो आणि जास्त सोडतो. ॲव्हरेज घटतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो, दोन्ही एकाच फटीमुळे.

पीयूसी दुरुस्तीनंतरच काढा, आधी नको, आणि नुसता कागद घेऊन निघू नका, आकडे वाचा. भारत स्टेज (सरकारचे धुराचे निकष) २ आणि ३ च्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. त्याआधीच्या गाडीला ३ टक्के आणि १५०० पीपीएम. जुन्या गाडीचं पीयूसी सहा महिने चालतं, तेव्हा मागचा कागद जपून ठेवून दोन्ही आकडे शेजारी धरा. मर्यादेच्या आत असूनही आकडा दुपटीने वाढला असेल तर प्लग, एअर फिल्टर आणि कॅट बघायची वेळ आली आहे.

शंभर किलोमीटर झाले की, गाडी थंड असताना, पुढच्या जोडाचे नट पुन्हा एकदा १२ च्या पान्याने तपासा. नवं पॅकिंग तापून दबतं आणि नट पाव आटा तरी सैल सापडतोच. त्यानंतर वर्षातून दोनदा, मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, पान्याच्या दांड्याने डबा वाजवून बघा. आमच्याकडे गणपतीला निघायच्या आदल्या रविवारी आणखी एकदा वाजवतो, आणि सायकल टपावर जाते.